घर खायला उठतं तेव्हा

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

वय ४७. सरकारी बँकेत अधिकारी. मूळचा सांगलीचा. दीड वर्षापूर्वी बढती मिळाली आणि तिच्या शेपटाला बांधून बदली आली, बिहारमध्ये पूर्णियाला, शाखाप्रमुख म्हणून. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगा बारावीत, आई थकलेली. त्यामुळे एकटाच आलो. पूर्वी मी कृषी अधिकारी होतो. तासगाव भागातल्या द्राक्षबागा पायाखाली घातल्यात. इथे ते काही नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. चाळीस शाखाप्रमुखांसमोर नाव घेऊन विचारतात, विम्याच्या पॉलिसी किती केल्या. आकडा कमी असला की जे ऐकावं लागतं ते लिहीत नाही.

घरी यायला नऊ होतात. कपडे न बदलता, दिवाही न लावता ओट्याशी उभा राहतो आणि डबा उघडतो. बायकोने पाठवलेले भडंगाचे अर्ध्या किलोचे दोन पुडे चार रात्रींत संपतात. मग कोपऱ्यावरून नमकीन आणि बालूशाही. आठवड्यातून दोनदा तरी पोट दुखेपर्यंत खातो, हात थांबतच नाही. पुडे ऑफिसच्या बॅगेतून नेऊन बाहेर टाकतो, कामवाल्या बाईंना दिसू नयेत म्हणून. परवा फोनवर बायकोने विचारलं, ‘कसला आवाज येतोय?’ म्हटलं, ‘पंखा.’

वजन ७४ चं ८७ झालं. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.३. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. म्हणून महिन्यापासून नाश्ता आणि रात्रीचं जेवण बंद केलंय, दुपारी एकदाच जेवतो. तरी रात्री हे होतंच, उलट वाढलंय. लहानपणी वडिलांचा मार खाल्ला की आजी मागच्या दाराशी बोलावून मुठीत गूळखोबरं द्यायची. का कोण जाणे, हल्ली ते फार आठवतं.

माझ्यात मनोनिग्रह का नाही? आणि बायकोला खाऊ पाठवू नकोस म्हणून सांगू का? बाकी सगळं ठीक आहे.

– बदलीवरचा एक

उत्तर:

नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. वहिनींना खाऊ थांबवायला सांगू नका. भडंगाने तुमचं काही वाकडं केलेलं नाही. ते यायचं थांबलं तर बालूशाहीवाला आहेच, हे तुम्हीच लिहिलंय. शिवाय इतक्या लांबून तुमच्यापर्यंत हाताने पोचणारी ती एकच गोष्ट आहे. ती आपण होऊन तोडू नका.

पहिल्याला वेळ लागेल. रोज संध्याकाळी चाळीस जणांसमोर नाव घेऊन झालेला पाणउतारा तुम्ही ऐकता, चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही, ‘येस सर’ म्हणता, आणि उठल्यावर तो राग शाखेतल्या पोरांवर काढत नाही (काढत असतात तर ते पत्रात आलं असतं, तुम्ही स्वतःला सोडणाऱ्यातले नाही). आणि विचारता, माझ्यात मनोनिग्रह का नाही! अहो, तुमचा मनोनिग्रह सकाळी दहापासून दुसऱ्यांच्या चाकरीला लागलेला असतो.

आपली भाषा या बाबतीत भलतीच हुशार आहे. मराठी माणूस बोलणी खातो. राग गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो. मिळालेला मारसुद्धा आपण खातोच, तुम्हीही तसंच लिहिलंय. ऐकलेलं पोटात ठेवतो. आणि माणसं नसलेल्या घराबद्दल काय म्हणतो? खायला उठतं. तुमच्याकडे रात्री नऊला नेमकं तेच चाललंय. घर खायला उठतं आणि तुम्ही डबा खायला उठता.

पण मनाकडे वळण्याआधी पोटाकडे बघू, कारण तुमचं पोटही खरोखर उपाशी आहे. दुपारी दीडला जेवलेला माणूस रात्री नऊला ओट्याशी उभा राहतो, सकाळपासून त्या एका जेवणावर. यात मानसशास्त्र नंतर, आधी साधी भूक. हा महिनाभराचा उपासमारीचा प्रयोग आज बंद करा. ‘उलट वाढलंय’ असं तुम्हीच म्हणता, आणि ते वाढणारच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वेच्छेने आलेली, निग्रही पोरं. त्यांचं काय झालं? दिवसरात्र डोक्यात अन्न. कधी स्वयंपाकघरात न गेलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. प्रयोग संपल्यावर त्यातले काही पोट भरलं तरी थांबू शकत नव्हते.

आणि एक गंमत. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं म्हणून. ज्या सतत ‘कमी खायचं’ म्हणून स्वतःला आवळून होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. आपल्याकडे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, मेलं कोंबडं आगीला भीत नाही. आज नियम मोडलाच आहे, तर पुडा संपवूनच टाकू. तुमच्या ‘आठवड्यातून दोनदा’मधली निम्मी रात्र या कोंबड्याची आहे असं मला वाटतं.

तेव्हा सकाळी नाश्ता करा. संध्याकाळी सव्वासहाला, व्हीसीच्या आधी, केबिनमध्ये पोटात काहीतरी जाऊ द्या. तुम्ही सत्तूच्या, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाच्या, मुलखात आहात. पाण्यात सत्तू, कांदा, लिंबू, मीठ, जिरं, दोन मिनिटांचं काम. भाजलेले चणे चालतील. मखाने तर तुमच्या दाराशी पिकतात, मुंबईत आम्ही ते सोन्याच्या भावाने घेतो. आणि घरी आल्यावर दिवा लावून, ताटात वाढून, बसून जेवा. एचबीए१सीसाठी काय आणि किती खायचं हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा, यूट्यूबला नको. ६.३ म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहात, ५.७ ते ६.४ ही ती पायरी. मागे फिरायला जागा आहे.

एवढं केलंत तर महिन्याभरात बराच फरक दिसेल. पण ओट्याशी काहीतरी उरेल. ते उरतं ते पोटाचं नसतं.

भूक आणि वखवख यांतला फरक तुम्ही अंगाने ओळखता. भूक हळूहळू चढते, तिला भाकरीही चालते, आणि चार घासांनी ती खाली येते. वखवख दार उघडल्याबरोबर येते. तिला अमुकच लागतं, खारट नाहीतर गोड. आणि कितीही टाकलं तरी ती तशीच. तुमचा हात थांबत नाही, कारण जे रिकामं आहे तिथे भडंग पोचतच नाही.

मग काय रिकामं आहे? इथे मला दोन माणसांची मदत घ्यायची आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन. सत्तरच्या दशकापासून ते एकच गोष्ट खणत बसले की माणसाला आतून चालतं ठेवणारं काय असतं. त्यांच्या मते शरीराला जसं पाणी, तशा मनाला तीन गोष्टी लागतात, आणि त्या चैनीच्या नाहीत. पहिली, माझं काही मी ठरवतोय. दुसरी, मला काहीतरी जमतंय. तिसरी, माझं कुणी आहे आणि मी कुणाचा आहे. पुढे त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी यात एक बारीक भेद केला, जो मला तुमच्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. गरज नुसती उपाशी राहणं एक, आणि कुणीतरी ती पायाखाली तुडवणं दुसरं. तुडवली गेली की माणूस बदली माल शोधतो, किंवा दिवसभर आवळलेला लगाम एकदम सोडून देतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या मंडळींनी २०१३ मध्ये काही स्त्रियांकडून रोजच्या रोज नोंदी लिहून घेतल्या. ज्या दिवशी या गरजा डावलल्या गेल्या, त्या दिवशी अनावर खाणं जास्त होतं. (अभ्यास स्त्रियांवरचा. या विषयातले बहुतेक अभ्यास स्त्रियांवरचेच असतात, जणू पुरुष दुःखी झाले की फक्त दारू पितात. मला येणाऱ्या पत्रांतही रात्रीच्या डब्याबद्दल लिहिणारे पुरुष कमी. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.)

आता तुमचा दिवस या तीन गोष्टींवर ठेवून बघा. मी पत्र तीनदा वाचलं तेव्हा हेच करत होते.

स्वतः ठरवणं. दिवसभरात तुम्ही काय ठरवता? पॉलिसी कुणाला विकायची हेसुद्धा वरून यादीत येत असेल. गाव तुम्ही निवडलं नाही, घर कुणीतरी दाखवलं ते घेतलं. मग रात्री नऊला अख्ख्या दिवसातली पहिली गोष्ट येते जी कुणालाही न विचारता करता येते. डबा उघडणं. तुम्ही त्याला मनोनिग्रहाचा अभाव म्हणता. मला त्यात दिवसभर हुकूम ऐकलेल्या माणसाचं ‘आता मला कुणी सांगू नका’ ऐकू येतं. म्हणूनच तुम्ही स्वतःवर घातलेला उपासाचा हुकूमही त्याच वेळी मोडला जातो. तोही हुकूमच ना.

माझं सांगते. आईच्या शेवटच्या आजारपणात मी रोज संध्याकाळी रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर दोन बटाटेवडे खायचे. भूक नसायची. वडा बराही नसायचा, आतला बटाटा कधी कधी थंड. पण त्या दहा मिनिटांत कुणी मला ‘आता पुढे काय करायचं’ असं विचारत नव्हतं. आई गेल्यावर महिनाभराने मी मुद्दाम तिथे गेले आणि एक वडासुद्धा संपला नाही.

जमतंय ही जाणीव. तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे जिथे माणूस ताठ उभा राहतो: ‘तासगाव भागातल्या द्राक्षबागा पायाखाली घातल्यात.’ पानं बघून डावणी रोग ओळखणारा, बेदाण्याच्या शेडवर बसून शेतकऱ्याचा हिशेब समजून घेणारा माणूस आज पॉलिसीच्या आकड्यावरून नापास ठरवला जातोय. ‘इथे ते काही नाही’ असं तुम्ही लिहिता, आणि तिथे मी थोडी चिडले. पूर्णिया म्हणजे गुलाबबागची मंडी! मक्याच्या व्यापारात तिचं नाव देशभर आहे. रब्बीचा मका निघाला की रस्त्याकडेला पिवळे गालिचे वाळत पडलेले असतात. मखान्याचं बी तळ्यांच्या तळाशी चिखलात उतरून काढतात, मग ते भाजून, ठोकून फोडतात. आणि तुम्ही, कृषी अधिकारी, दीड वर्षांत हे बघायला गेलात की नाही, पत्रात एक अक्षर नाही.

आठवड्यातली एक सकाळ. आठ ते साडेनऊ, शाखा उघडायच्या आधी. शाखेतल्या दफ्तरीला बरोबर घ्या, तो तिथलाच असेल, मोटारसायकलवर मागे बसा आणि एका शेतकऱ्याकडे जा. पॉलिसी विकायला जाऊ नका, वहीत काही लिहू नका. मका कधी पेरला, भाव काय मिळाला, तळं कुणाच्या मालकीचं, एवढंच. कदाचित पुढे त्यातून चांगली पीककर्जं होतील, तुमच्या साहेबांना आवडतील. पण ते बोनस समजा. मला हवंय ते इतकंच की आठवड्यातून दीड तास तुम्ही ज्यात हुशार आहात ते करावं. हिंदी अडखळेल, मैथिली तर कळणारच नाही. तासगावातही पहिल्या वर्षी बागायतदार तुमच्याशी कुठे मोकळे बोलत होते?

तिसरी गोष्ट, माणसं. इथे मी जास्त थांबणार आहे.

आधी ते गूळखोबरं. हिल्डे ब्रुख नावाच्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, जर्मनीत जन्मलेल्या, १९३३ मध्ये तिथून निघून पुढे अमेरिकेत स्थिरावलेल्या. खाण्याच्या विकारांवरचा त्यांचा ग्रंथ १९७३ चा. त्यांचं म्हणणं असं की मूल रडलं की दर वेळी, कारण काहीही असो, तोंडात खाऊ दिला, तर त्याला मोठेपणीही आपल्याला भूक लागलीय की भीती वाटतेय हे नीट वेगळं करता येत नाही. तुम्हाला हे सगळं लागू आहे असं मी म्हणत नाही, आणि आजीला तर अजिबात दोष देत नाही. तिच्या हातात तेवढंच होतं. मुलाला ‘नको मारूस’ म्हणायची सोय त्या काळी किती आज्यांना होती? पण त्या मागच्या दाराशी नेमकं काय घडायचं ते आठवा. कुणीतरी तुम्हाला बोलावून घ्यायचं. त्या मुठीसाठी कुणीतरी वाट बघत थांबलेलं असायचं. न बोलता कळायचं की या घरात एक माणूस माझ्या बाजूने आहे. गूळखोबरं हे त्या सगळ्याचं वेष्टन होतं. आता तुम्ही साडेसहाला मार खाता, नऊला मागच्या दाराशी जाता. तिथे गूळ आहे. आजी नाही.

आवडीचं खाल्ल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ते खोटं नाही. पण मिनेसोटा विद्यापीठातल्याच ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक छान गोष्ट दाखवली. लोकांना दुःखी करणारी चित्रफीत दाखवली, मग कुणाला त्याचं लाडकं ‘मन निवणारं’ खाणं दिलं, कुणाला दुसरं काहीतरी, कुणाला काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचं मन सारखंच सावरलं होतं. काही न खाल्लेल्यांचंही. म्हणजे भडंगाच्या खात्यावर आपण जे जमा करतो, त्यातलं बरंचसं नुसत्या वेळेचं असतं. हे वाचून मला दिलासा वाटला होता. डबा न उघडता गेलेली वीस मिनिटंही कठीण असतील, पण तीही जातात.

आता वहिनींचा फोन. मी पैज लावते, तो असा असेल: ‘जेवलात?’ ‘हो. आईची गोळी?’ ‘दिली.’ ‘ह्याचा अभ्यास?’ ‘चालूय.’ ‘बरं, झोप.’ हा फोन आहे की दिवसअखेरीची हातशिल्लक मोजणी? दोघंही एकमेकांना काळजी नको म्हणून खरं काही सांगत नाही. तिकडे त्या एकट्या शाळा, सासूबाई आणि बारावी ओढतायत, त्यांच्याही घशात बरंच अडकलेलं असणार. व्हीसीमध्ये काय ऐकावं लागतं ते मला लिहिलं नाहीत, हरकत नाही, मी कोण? पण त्यांना सांगितलंयत का? माझा अंदाज, नाही. ‘बाकी सगळं ठीक आहे’ हे वाक्य त्या फोनमधूनच पत्रात आलंय, त्याचा सूर मी ओळखते.

रोज नको. आठवड्यातून दोन फोन वेगळे करा, जेवण झाल्यावर, बसून. त्यात गोळ्या आणि अभ्यास हे विषय नाहीत. आज साहेब काय म्हणाला, तुम्हाला काय वाटलं, असं. सुरुवातीला लाज वाटेल. आपल्या पिढीच्या पुरुषांना ‘मला आज वाईट वाटलं’ हे चार शब्द उच्चारताना घाम फुटतो, त्यापेक्षा ते एनपीएवर, थकलेल्या कर्जांवर, तासभर बोलतील. म्हणून दुसऱ्या टोकाने शिरा. आधी त्यांना विचारा, ‘तुझा आजचा दिवस कसा गेला?’ आणि मध्ये उपाय सुचवू नका. त्या बोलल्या की तुमचंही निघेल.

आणि पूर्णियात एक तरी माणूस हवा. बँकेतला नसला तर उत्तम. सकाळी चालायला जाणारा शेजारी, शेतकऱ्यांकडे नेणारा तो दफ्तरी. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी तिकडे छठ असते. त्या आठवड्यात कुणी घाटावर बोलावलं तर कामाची सबब सांगू नका. गहू आणि गुळाचा ठेकुआ देतात प्रसादाला. तो चार माणसांत बसून खाल. तोही गोडच आहे, आणि मला त्याची अजिबात काळजी नाही.

रात्रीसाठी एक छोटी गोष्ट सुचवते. डब्याच्या झाकणावर पेन्सिल आणि कागद बांधून ठेवा. उघडण्याआधी एक ओळ लिहायची: आज काय खाल्लं, म्हणजे कसली बोलणी खाल्ली, काय गिळलं, कुणाची आठवण आली. कॅलरी लिहायच्या नाहीत. लिहून झाल्यावर खावंसं वाटलं तर खा, पण दिवा लावून, वाटीत काढून, वरून कांदा-कोथिंबीर चिरून, जसं सांगलीत खाता तसं. कांदा चिरायला जी तीन मिनिटं लागतात त्यात काही रात्री तुम्ही परत ठेवाल, काही रात्री खाल. दोन्ही चालेल. पंधरा दिवसांनी ते कागद वाचा. व्हीसी झालेली संध्याकाळ आणि न झालेली संध्याकाळ यांत फरक दिसतो का बघा. रविवारच्या रात्री कशा जातात तेही बघा, माझा संशय रविवारवरही आहे.

तुमचा साहेब या सगळ्याने बदलणार नाही, हे मला कळतं. सर्वांसमोर माणसाला सोलण्याची पद्धत वाईट आहे आणि ती तुमच्या सत्तूने सुधारत नाही. त्यामुळे कागदाचंही काम करा. बाहेरच्या राज्यातली मुदत किती, विनंती बदली कधी मागता येते, हे कँटीनमधल्या चर्चेवर न सोडता तुमच्या बँकेच्या बदली धोरणात स्वतः वाचा. अधिकारी संघटनेच्या माणसाशी बोला. पत्नीची नोकरी, आईचं वय, मुलाची बारावी, सगळं लिहून वेळेत अर्ज टाका. होईलच असं नाही. पण दीड वर्ष वाट बघणं आणि स्वतः अर्ज टाकून वाट बघणं यांत, तुमच्या भाषेत सांगायचं तर, खातं कुणाच्या नावावर आहे एवढा फरक आहे.

आता डॉक्टरांबद्दल, आणि हे टाळू नका. आठवड्यातून दोनदा, हात न थांबता, पोट दुखेपर्यंत, लपून, आणि नंतर लाज. असं आठवड्यातून एकदा जरी तीन महिने चाललं, तर वैद्यकशास्त्रात त्याला नाव आहे, अनावर खाण्याचा विकार. २०१३ पासून अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नियमावलीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे. तो तुम्हाला आहे की नाही हे मी पत्रावरून ठरवणार नाही, ते मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष बघून ठरवतील. त्याला चांगले उपचार आहेत आणि त्यात कुणी ‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणत नाही. लगेच कुणाला भेटणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू, मोफत, दिवसरात्र, भाषा निवडता येते. झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटेना, असं काही असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच रात्री फोन करा. सोबत थायरॉइड तपासून घ्या. वजन रोज करू नका, महिन्यातून एकदा पुरे.

पुड्यांचं राहिलं. ऑफिसच्या बॅगेतून नेऊन टाकता ना? उद्यापासून घरातल्याच कचऱ्याच्या डब्यात टाका. कामवाल्या बाईंनी बघितलं तर बघू दे. त्या भागात भडंग कुणी चाखलं नसेल, एखादी वाटी त्यांच्या मुलांना द्या.

आणि वहिनींना पुढच्या फोनवर सांगा की तो आवाज पंख्याचा नव्हता. मला वाटतं, त्यांना माहीत आहे. दीड वर्ष त्या पुडे भरतायत, कुठला पंखा कसा वाजतो ते त्यांना कळत नसेल?